कोसळलं तिथे शोधू नका: जेआयटीत हरवलेलं रजिस्टर कसं पकडायचं

मेमरी सोडताना प्रोग्रॅम कोसळतो. बॅकट्रेसमध्ये, म्हणजे कुठलं फंक्शन कुणी बोलावलं त्या यादीत, जेआयटीने (प्रोग्रॅम चालू असतानाच मशीन कोड बनवणाऱ्या कंपायलरने) तयार केलेल्या कोडचा मागमूसही नसतो. ऑप्टिमायझेशन बंद करून बिल्ड केलं की सगळं सुरळीत चालतं. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की मी सगळ्यात आधी एकच शंका घेते: जेआयटीने कुठलं तरी रजिस्टर (प्रोसेसरच्या आतली छोटी साठवणजागा) जसं घेतलं तसं परत दिलेलं नाही.

मी डेटाबेसच्या क्वेरीतली एक्स्प्रेशन थेट मशीन कोडमध्ये उतरवणाऱ्या जेआयटीवर काम करते. आमच्या टीममध्ये नवीन येणारी मुलं हुशार असतात, डीबगर चालवता येतो, पण या जातीचा बग आला की जिथे प्रोग्रॅम कोसळला तिथेच दिवसच्या दिवस खणत बसतात. तिथे काही सापडत नाही, कारण नुकसान आधीच होऊन गेलेलं असतं. ते शोधायची जागा म्हणजे सीमा: सी++ कोडमधून जेआयटीत शिरण्याची आणि तिथून परतण्याची.

ऑप्टिमायझेशन बंद असताना बग का लपतो? तेव्हा सी++ कंपायलर जवळजवळ प्रत्येक व्हेरिएबल स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) ठेवतो. ऑप्टिमायझेशन चालू केलं की लूपमधला चालू ओळीचा पॉइंटर आर१४ सारख्या रजिस्टरमध्ये मुक्कामाला जातो, आणि फंक्शन कॉलनंतर तो तिथेच असणार असं कंपायलर धरून चालतो. जेआयटीने आर१४ दोन्ही वेळा बिघडवलेलं असतं, फक्त पहिल्या वेळी त्याकडे कुणी बघत नसतं. म्हणूनच कंपायलरची आवृत्ती बदलली की हे बग अचानक वर येतात आणि बिचाऱ्या कंपायलरवर खापर फुटतं. तसं करण्याआधी पुढचं सगळं तपासा.

फंक्शन बोलावताना कुठलं रजिस्टर कुणी जपायचं याचा एक करार असतो. तो थोडक्यात. एक्स८६-६४ वर (इंटेल-एएमडीच्या ६४ बिटांच्या प्रोसेसरवर) लिनक्स आणि मॅकओएसमध्ये बोलावलेल्या फंक्शनने जपायची रजिस्टर म्हणजे आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५. शिवाय स्टॅकचं टोक दाखवणारं आरएसपी परतताना जागेवर हवं. दशांश संख्यांची एक्सएमएम रजिस्टर सगळीच्या सगळी बिघडवली तरी चालतात. विंडोजमध्ये याच यादीत आरडीआय, आरएसआय आणि एक्सएमएम६ ते एक्सएमएम१५ यांची भर पडते. लिनक्सवर वर्षानुवर्षं नीट चाललेला जेआयटी विंडोजवर नेला की पहिला घाव इथे बसतो: प्रोग्रॅम कोसळत नाही, कुठल्यातरी दूरच्या बेरजेत दशांशाचा आकडा चुकतो. एआरएम६४ वर एक्स१९ ते एक्स२८ जपायची, फ्रेम पॉइंटर एक्स२९ जपायचा, आणि व्हेक्टर रजिस्टर व्ही८ ते व्ही१५ यांचे फक्त खालचे ६४ बिट. एक्स१८ ला हात लावू नका. अ‍ॅपल आणि विंडोज दोघांनीही ते स्वतःसाठी राखून ठेवलेलं आहे.

हा करार दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो. सी++ ने जेआयटीला बोलावलं की जपण्याची जबाबदारी जेआयटीची. जेआयटीने एखाद्या सी++ हेल्परला (मदतीच्या फंक्शनला) बोलावलं की उलट बाजू लागू होते: आरसीएक्स, आरडीएक्स, आर८ ते आर११ यांसारख्या रजिस्टरमध्ये जे काही हवं असेल ते जेआयटीनेच आधी बाजूला ठेवायचं. बग दोन्हीकडे होतात, पण शोधायच्या युक्त्या वेगळ्या आहेत. आधी पहिल्या बाजूचं बघू.

आमच्याकडे आलेला एक बग धरून सांगते. एका स्तंभाला दुसऱ्याने भागणारी, बरेच स्तंभ असलेली लांब क्वेरी. काही डेटावर सर्व्हर कोसळायचा, काहींवर नाही. कोसळायची जागा दर वेळी वेगळी.

पहिलं काम म्हणजे शंका खरी आहे का ते ठरवणं. जेआयटीकडे जाणारा कॉल एका छोट्या असेंब्ली फंक्शनमधून वळवा. ते फंक्शन जपायची सगळी रजिस्टर स्टॅकवर ठेवेल, जेआयटीला बोलावेल आणि परत आल्यावर ती पुन्हा जागेवर आणेल. एवढ्याने कोसळणं थांबलं तर तुमचा संशय बळकट झाला. दोन गोष्टी सांभाळा. सहा पुश (स्टॅकवर ठेवण्याच्या सूचना) केल्यावर आरएसपी अजून १६ च्या पटीत नसतं, कारण परतीच्या पत्त्याचे आठ बाइट आधीच आत असतात. म्हणून कॉलच्या आधी आणखी आठ बाइट खाली सरकवा, नाहीतर आतली एखादी १६ बाइटची जुळणी मागणारी सूचना कोसळेल आणि तुम्ही नव्याच बगच्या मागे लागाल. विंडोजवर त्याखेरीज ३२ बाइटची मोकळी जागा बोलावणाऱ्याने द्यायची असते. दुसरं, हे फंक्शन स्वतंत्र असेंब्ली फाइलमध्ये लिहा, सी++ मधल्या इनलाइन असेंब्लीत नको. लिनक्सवर आरएसपीच्या खालचे १२८ बाइट कंपायलर न विचारता वापरू शकतो. इनलाइन असेंब्लीतून केलेला कॉल परतीचा पत्ता नेमका त्यावर लिहितो, आणि कंपायलरला तो कॉल दिसतच नाही.

कोसळणं थांबलं म्हणून हे वेष्टन तसंच ठेवून पुढे जायचा मोह होतो. जाऊ नका. चूक अजून आतच आहे, आणि उद्या कुणीतरी वेग वाढवायला वेष्टन काढून टाकेल.

आता खरं हत्यार. त्याच फंक्शनला तपासनीस बनवा. जेआयटीत शिरण्याआधी प्रत्येक जपायच्या रजिस्टरमध्ये एक ठरलेला, ओळखू येणारा आकडा भरा. परत आल्यावर तुलना करण्याच्या आधी सगळी रजिस्टर मेमरीत उतरवून घ्या, कारण तुलना करायलाही रजिस्टर लागतात आणि पुरावा पुसला जातो. आरएसपी मात्र वेगळ्या, थ्रेडपुरत्या जागेत आधीच लिहून ठेवा. तेच सरकलेलं असेल तर स्टॅकवर ठेवलेलं काहीच तुम्हाला मिळणार नाही. आणि परतण्याच्या सूचनेआधीच ते सरकलं असेल तर परतीचा पत्ताच चुकतो आणि नियंत्रण तपासनीसाकडे येतच नाही. तेव्हाही त्या नोंदीशी कोसळतानाचं आरएसपी ताडून बघता येतं.

आकडे विचार करून निवडा, कारण पुढचं सगळं निदान त्यांच्यावर उभं आहे. प्रत्येक रजिस्टरचा आकडा वेगळा हवा. वरचे ३२ बिट आणि खालचे ३२ बिट वेगळे हवेत, दोन्ही शून्य नसलेले. आणि तो आकडा पत्ता म्हणून वैध नसावा, म्हणजे कुणी चुकून त्याचा पॉइंटर म्हणून वापर केला तर प्रोसेसर जागच्या जागी अडवेल. एक्सएमएम रजिस्टरचे दोन्ही अर्धे भाग वेगवेगळ्या दशांश संख्यांनी भरा. शून्य कधीच भरू नका. शून्य शून्यच राहिलं यावरून काही कळत नाही.

तपासनीस थांबला की बहुतेक लोक फक्त ‘आर१४ बिघडलं’ एवढं टिपून घेतात. मी म्हणते, त्यात आता काय आहे ते वाचा. बिघडलेला आकडा स्वतःच सांगतो काय झालं ते.

आर१२ मध्ये आर१३ चा आकडा आणि आर१३ मध्ये आर१२ चा: पुश आणि पॉपचा (स्टॅकवरून परत घेण्याचा) क्रम उलटा झालेला नाही. सगळीच रजिस्टर एका घराने सरकली असतील तर परत आणताना जागांचा हिशोब आठ बाइटनी चुकला आहे.

वरचे ३२ बिट शून्य, खालचे शाबूत: कुणीतरी ३२ बिटांची हलवाहलव केली. एक्स८६-६४ वर ३२ बिटांच्या रजिस्टरमध्ये लिहिलं की वरचा अर्धा आपोआप शून्य होतो. एन्कोडरमध्ये (सूचनेचे बाइट बनवणाऱ्या भागात) रेक्स प्रीफिक्सचा, म्हणजे सूचनेआधीच्या जादा बाइटचा, ६४ बिट सांगणारा डब्ल्यू बिट गाळला गेला का ते बघा.

आर१२ मध्ये स्टॅकचा पत्ता आला असेल तर मला बघताक्षणी कळतं. पुश आर१२ चे बाइट ४१ ५४. यातला ४१ हा रेक्स प्रीफिक्स गाळला की उरतो ५४, म्हणजे पुश आरएसपी. पॉप बरोबर असेल तर आर१२ मध्ये आरएसपी येऊन बसतं. तसंच पुश आर१३ मधून ४१ गेला की पुश आरबीपी, आर१४ मधून गेला की पुश आरएसआय, आर१५ मधून गेला की पुश आरडीआय. लिनक्सवर आरडीआय आणि आरएसआय म्हणजे फंक्शनचे पहिले दोन अर्ग्युमेंट. म्हणून परतल्यावर आर१५ मध्ये तुम्ही दिलेला पहिला अर्ग्युमेंट दिसला तर थेट एन्कोडर उघडा, बाकी कुठे जाऊच नका. पॉपमधून प्रीफिक्स गळला तर प्रकरण जास्त उग्र असतं: ४१ ५सी चा ५सी झाला म्हणजे पॉप आरएसपी, आणि स्टॅक पॉइंटरच भलतीकडे जातो.

आणि रजिस्टरमध्ये तुमच्याच क्वेरीतला आकडा, स्तंभाची एखादी किंमत किंवा बफरचा पत्ता दिसला, तर शक्यता तीन उरतात: रजिस्टर जपलंच नव्हतं, जपलं होतं पण या वाटेने बाहेर पडताना परत आणलं नाही, किंवा स्टॅकवरची त्याची जागा दुसऱ्या कशाने तरी पुसली.

यातली तिसरी शक्यता सगळ्यात सोपी पकडता येते. जपलेल्या जागेच्या पत्त्यावर हार्डवेअर वॉचपॉइंट (तिथे कुणी लिहिलं की प्रोग्रॅम थांबवणारी खूण) लावा आणि चालू द्या; जो लिहील तो सापडेल. बहुधा स्पिलच्या, म्हणजे रजिस्टर पुरली नाहीत म्हणून स्टॅकवर ठेवलेल्या किंमतींच्या, जागांचा हिशोब आठ बाइटनी चुकलेला असतो. पहिल्या दोन शक्यतांसाठी बाहेर पडण्याची वाट कळायला हवी. जेआयटीमधून बाहेर पडायच्या वाटा एकाहून जास्त असतात: नेहमीचं परतणं, शून्याने भागाकार, ओव्हरफ्लो, टाइप न जुळल्यामुळे इंटरप्रिटरकडे जाणं, हेल्परने कळवलेली चूक. डीबग बिल्डमध्ये प्रत्येक वाट बाहेर पडण्याआधी आपला क्रमांक एका ठरलेल्या मेमरीत लिहिते, असं करून घ्या. एका सूचनेचं काम आहे. तपासनीस थांबला की रजिस्टर, त्यातला आकडा आणि वाटेचा क्रमांक हे तीन एकत्र छापले जायला हवेत.

आमच्या बगमध्ये छापून आलं: आर१४, त्यात भाजक स्तंभाची किंमत, वाट शून्याने भागाकाराची. त्या वाटेचा एपिलॉग (रजिस्टर परत आणणारा शेवटचा भाग) उघडून बघितला तर त्यात काही खोट नव्हती. प्रोलॉगने (रजिस्टर जपणाऱ्या सुरुवातीच्या भागाने) जेवढं जपलं तेवढं तो इमानाने परत आणत होता. प्रोलॉगने आर१४ जपलंच नव्हतं.

कारण असं होतं. जेआयटी फक्त वापरलेलीच रजिस्टर जपायचा, आणि वापरलेल्यांची यादी रजिस्टर अ‍ॅलोकेटर (कुठली किंमत कुठल्या रजिस्टरमध्ये ते ठरवणारा भाग) संपला की बनायची. त्यानंतर एक पायरी होती: वेगवेगळ्या वाटांवर किंमती एका रजिस्टरमधून दुसऱ्यात हलवणारी. दोन किंमतींची अदलाबदल करायची असेल तर तिला एक तात्पुरतं रजिस्टर लागतं, आणि ती मोकळं दिसेल ते उचलायची. लहान एक्स्प्रेशनमध्ये आर१० किंवा आर११ मोकळं असायचं, ती बिघडवली तरी चालतात. स्तंभ जास्त झाले की ती भरलेली असायची आणि आर१४ उचललं जायचं. यादी तोवर बंद झालेली. अदलाबदलीची गरज फक्त शून्याने भागाकाराच्या वाटेवर पडत होती, म्हणून भाजकात शून्य असलेल्या डेटावरच सर्व्हर कोसळायचा.

दुरुस्ती दोन ठिकाणी केली. किंमती हलवणाऱ्या पायरीला कायमची स्वतःची रजिस्टर दिली, अ‍ॅलोकेटरला त्यांना हात लावायची परवानगी नाही: पूर्णांकांसाठी आर११ आणि दशांशांसाठी एक्सएमएम५. एक्सएमएम१५ घेण्याकडे लोकांचा कल असतो, कारण ते यादीच्या टोकाला आहे. विंडोजवर ते जपावं लागतं. एक्सएमएम५ मात्र दोन्हीकडे मोकळं आहे. दुसरी दुरुस्ती मला जास्त महत्त्वाची वाटते. सूचना लिहिणाऱ्या एमिटरलाच कळत असतं की ही सूचना कुठल्या रजिस्टरमध्ये लिहिते. तिथेच एक बिटमास्क (दर रजिस्टरला एक बिट) भरत जायचा, आणि फंक्शन तयार झाल्यावर तो मास्क प्रोलॉगच्या यादीशी ताडून बघायचा. जुळला नाही तर कोड चालवायच्या आधीच थांबायचं. या तपासणीला डेटा लागत नाही, नशीब लागत नाही.

नव्याने जेआयटी लिहिणाऱ्यांना मी आणखी एक सुचवेन: ही यादीची भानगडच ठेवू नका. क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये सुरुवातीला एकदाच एक सामायिक प्रोलॉग तयार होतो. तो जपायची रजिस्टर ठेवतो, मग भाषांतरित तुकडे एकमेकांत उड्या मारत राहतात आणि शेवटी सामायिक एपिलॉगमधून बाहेर पडतात. क्रोमच्या व्ही८ इंजिनमध्येही जावास्क्रिप्टमध्ये शिरताना एक प्रवेशाचा तुकडा हे काम करतो. दर ओळीला जेआयटीत शिरत असाल तर एवढे पुश-पॉप महाग पडतात, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे एका ओळीऐवजी ओळींचा गठ्ठा आत पाठवणं, आणि ते तसंही करायलाच हवं.

आता दुसरी बाजू, जेआयटी हेल्परला बोलावतो ती. इथला बग जास्त चिकट, कारण तो बहुतेक वेळा दिसतच नाही. समजा आर९ मध्ये किंमत आहे आणि हेल्परच्या कॉलआधी ती बाजूला ठेवायची राहिली. हेल्पर रोज आर९ ला हात न लावता परत येतो. मग एक दिवस त्याच्या आतलं हॅश टेबल भरतं, नवी मेमरी मागितली जाते, खोलवर कुठेतरी आर९ वापरलं जातं, आणि तुमचा निकाल चुकतो.

उपाय साधा आहे आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त बग यानेच सापडले आहेत. डीबग बिल्डमध्ये प्रत्येक हेल्पर कॉलनंतर जेआयटीने स्वतःच, निकालाचं रजिस्टर सोडून, बिघडण्याची मुभा असलेली सगळी रजिस्टर ठरलेल्या कचरा आकड्यांनी भरायची. जे नशिबाने वाचत होतं ते आता पहिल्याच टेस्टमध्ये मरतं. एआरएम६४ वर यात एक भर घाला. हेल्परने व्ही८ ते व्ही१५ यांचे वरचे ६४ बिट टिकवायची हमी दिलेली नसते, पण बरेच हेल्पर त्यांना हातच लावत नाहीत. चार ३२-बिट किंमती एकत्र ठेवलेला व्हेक्टर व्ही८ मध्ये ठेवून कॉल केला तर पहिल्या दोन किंमती शाबूत आणि पुढच्या दोन कधीतरी गायब, असा विचित्र निकाल येतो. डी८ मध्ये डी८ च हलवणारी एफमूव्ह सूचना कॉलनंतर घातली की वरचे ६४ बिट शून्य होतात, आणि बग दर वेळी दिसायला लागतो.

डीबगरबद्दल काही ताकीद. जीडीबी या डीबगरला तुमच्या कोडची अनवाइंड माहिती (फ्रेम मागे मागे कशा उलगडायच्या ती) दिलेली नसेल तर ‘अप’ करून वरच्या फ्रेममध्ये गेल्यावर दिसणारे आरबीएक्स किंवा आर१२ चे आकडे पुरावा म्हणून धरू नका. ती माहिती नसताना जीडीबी अंदाज करतो. फिनिश कमांडही याच कारणाने भलतीकडे थांबू शकते. त्याऐवजी जेआयटी फंक्शनच्या अगदी पहिल्या सूचनेवर थांबा. त्या क्षणी आरएसपी दाखवतं त्या जागेत परतीचा पत्ता असतो. त्यावर एकदाच थांबणारा ब्रेकपॉइंट लावा. शिरतानाची रजिस्टर जीडीबीच्या व्हेरिएबलमध्ये ठेवून घ्या आणि परतल्यावर ताडा. जेआयटीच्या मेमरीत साधा ब्रेकपॉइंट लावण्यात एक धोका आहे: कोड पुन्हा तयार झाला तर जीडीबीने लिहिलेला बाइट पुसला जातो. तिथे हार्डवेअर ब्रेकपॉइंट वापरा. एक्स८६ वर ते चारच मिळतात, वॉचपॉइंट धरून.

लिनक्सवर असाल आणि आरआर (प्रोग्रॅम रेकॉर्ड करून पुन्हा चालवणारा डीबगर) चालत असेल तर नक्की वापरा. एकदा रेकॉर्ड केलेला प्रोग्रॅम पुन्हा चालवताना जेआयटीचे पत्तेसुद्धा दर वेळी तेच येतात, त्यामुळे वहीत लिहून ठेवलेला पत्ता दुसऱ्या दिवशीही उपयोगी पडतो. तपासनीस थांबला, की स्टॅकवरच्या जागेवर वॉचपॉइंट लावून उलट चालवायचं. शेवटचं लिहिणारा समोर येतो.

सगळं तपासून रजिस्टर बरोबर दिसत असतील तर आणखी काही जागा बघा. दशांश गणिताच्या एमएक्ससीएसआर रजिस्टरमधले नियंत्रणाचे बिट फंक्शनने जपायचे असतात. वेगासाठी जेआयटीने अतिसूक्ष्म संख्यांना शून्य मानायचा बिट लावला आणि परतताना काढला नाही, तर त्या थ्रेडमधलं बाकी सगळं गणित बदलतं. दिशेचा फ्लॅग (मेमरी पुढे की मागे कॉपी करायची ते सांगणारा) परतताना साफ हवा. तसंच अपवाद: हेल्परने सी++ अपवाद फेकला आणि तो जेआयटीच्या फ्रेममधून वर गेला, तर एपिलॉग चालतच नाही. रजिस्टर परत आणायचं काम अनवाइंडर करतो, तुम्ही दिलेल्या माहितीवरून. ती माहिती नसेल तर प्रोग्रॅम तिथेच बंद पडतो, आणि चुकीची असेल तर अपवाद पकडणाऱ्या फंक्शनला बिघडलेलं आर१२ मिळतं. आमच्याकडे नियमच आहे: हेल्परने अपवाद आतच पकडायचा आणि काय चुकलं ते सांगणारा क्रमांक परत द्यायचा.

तपासनीस आणि कचरा भरणं या दोन्ही गोष्टी बग मिटल्यावर काढून टाकू नका. आमच्या रात्रीच्या टेस्टमध्ये यादृच्छिक एक्स्प्रेशन तयार होतात आणि या दोन्ही गोष्टी चालू ठेवून चालवली जातात. एका फेरीत अ‍ॅलोकेटरला फक्त जपायचीच रजिस्टर दिलेली असतात, दुसऱ्या फेरीत मोजकीच, म्हणजे स्पिल आणि अदलाबदल भरपूर होते. बाहेर पडण्याच्या वाटांचे क्रमांक मोजले जातात, आणि एखादी वाट एकदाही चालली नसेल तर टेस्ट नापास धरली जाते. विंडोजच्या फेरीत एक्सएमएम६ ते १५ चे पूर्ण १२८ बिट तपासले जातात, एआरएम६४ च्या फेरीत व्ही८ ते व्ही१५ चे फक्त खालचे ६४. तिथे वरचे तपासले तर बरोबर असलेला कोडही नापास होईल.